बहुजन : एका शब्दाचे स्थलांतर

लखनौच्या दक्षिणेस, रायबरेलीकडे जाणाऱ्या हमरस्त्यालगत ‘वृंदावन योजना’ नावाची विस्तीर्ण वसाहत आहे. उत्तर प्रदेश आवास एवं विकास परिषदेने आखलेली, सेक्टरांच्या क्रमांकांनी ओळखली जाणारी ही वसाहत आधुनिक भारतीय नगररचनेचा एक सर्वसाधारण नमुना म्हणावी अशीच आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये संरक्षणसामग्रीचे राष्ट्रीय प्रदर्शन येथील मैदानावर भरले, तेव्हा तिचे नाव काही दिवस देशभर ऐकू आले. वसाहतीचे नाव व्रजभूमीतील भक्तिपरंपरेतून आलेले आहे. परंतु तिच्या आसपासची नावे एका निराळ्याच परंपरेची साक्ष देतात. त्याच रायबरेली रस्त्यावर १९९६ साली स्थापन झालेले बाबासाहेब भीमराव आंबेडकर विद्यापीठ हे केंद्रीय विद्यापीठ आहे. तेथून शहराकडे थोडे सरकले, की कांशीराम यांच्या नावाचे विस्तृत उद्यान लागते. आणि शहराच्या मध्यभागातील परिवर्तन चौकात फुले, शाहू, आंबेडकर ह्यांच्या प्रतिमा उभ्या आहेत. पुणे, कोल्हापूर आणि महाड ह्या तीन स्थळांचा इतिहास दीड हजार किलोमीटरांचे अंतर ओलांडून अवधच्या राजधानीत दगडामध्ये स्थिर झालेला दिसावा, ही घटना मराठी वाचकाला सुखावणारी आहे. मात्र अशा सुखात विचार थांबण्याचा धोका असतो. चळवळीचे नेमके काय तेथे पोहोचले, कोणत्या वाटेने पोहोचले आणि पोहोचताना त्यात कोणता बदल झाला, हे प्रश्न त्यामुळे मागे पडतात.

सामाजिक चळवळींचा इतिहास बहुधा संस्था, नेते, परिषदा आणि ठराव ह्यांच्या आधारे लिहिला जातो. परंतु चळवळींबरोबर शब्दही प्रवास करतात आणि शब्दांच्या अर्थांत पडलेला फरक हा पुष्कळदा समाजरचनेतील फरकाचाच निदर्शक असतो. ‘बहुजन’ हा असा एक शब्द आहे. त्याच्या स्थलांतराचा मागोवा घेतला, तर महाराष्ट्रातील ब्राह्मणेतर चळवळीचे एक अपुरेपण आणि उत्तर प्रदेशातील दलित राजकारणाचे यशापयश ही दोन्ही एकाच प्रश्नाची अंगे आहेत, असे ध्यानात येते.

हा शब्द मूळचा बौद्ध परंपरेतला. भिक्षूंना चारिकेस धाडताना बुद्धाने दिलेल्या उपदेशात तो येतो. आधुनिक महाराष्ट्रात मात्र तो सत्यशोधक विचाराच्या ओघात रुजला. येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना करणाऱ्या जोतीराव फुल्यांचा आवडता शब्द ‘बहुजन’ हा नव्हता. ते ‘शूद्रातिशूद्र’ म्हणत आणि त्याला पुष्कळदा ‘स्त्री’ हे पद जोडत. हा सामासिक शब्द उच्चारायला अवघड खरा, पण त्याचा सांधा उघडा आहे. शूद्र वेगळे, अतिशूद्र वेगळे, स्त्रिया वेगळ्या. ह्या तिघांचे दुःख एका मुळातून आले असले, तरी ते एकसारखे नाही, ही जाणीव त्या समासातच अंतर्भूत आहे. पुढच्या पिढीने स्वीकारलेल्या ‘बहुजन’ ह्या शब्दात तो सांधा बुजला. १९२० च्या कायदेमंडळाच्या निवडणुकीत विठ्ठल रामजी शिंदे यांनी ‘बहुजन पक्ष’ हे नाव घेतले, तेव्हा त्यांच्या मनात अस्पृश्यांसह सर्व श्रमिकांचा समावेश होता. अस्पृश्यतानिवारणासाठी १९०६ साली डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढणाऱ्या शिंद्यांविषयी दुसरी शंका घेता येत नाही. परंतु शब्दाचा व्यवहारातील अर्थ त्याच्या प्रवर्तकाच्या हेतूवर अवलंबून नसतो. तो शब्द कोणाच्या हाती पडतो, त्यावर तो ठरतो.

महाराष्ट्रात हा शब्द मराठा-कुणबी शेतकरीवर्गाच्या हाती पडला, ह्याचे कारण संख्येत आहे. १९३१ च्या जनगणनेच्या आधाराने अभ्यासक असे मानतात, की मराठा-कुणबी समूह ह्या प्रदेशाच्या लोकसंख्येचा एकतृतीयांशाच्या जवळपास भाग होता, तर ब्राह्मण चार टक्क्यांच्या आसपास होते. इतक्या अल्पसंख्य वर्गाच्या वर्चस्वाविरुद्ध उभे राहताना ह्या मोठ्या कृषक समूहाला अतिशूद्रांच्या सहकार्याची अनिवार्य गरज नव्हती. शाहू छत्रपतींनी ती गरज नैतिक पातळीवर ओळखली होती. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने त्यांनी करवीर संस्थानातील नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या आणि मार्च १९२० च्या माणगाव परिषदेत तरुण आंबेडकरांचे नेतृत्व जाहीरपणे मान्य केले. पण ६ मे १९२२ रोजी त्यांचे निधन झाले आणि हा पूल सांभाळणारा दुसरा समर्थ हात ब्राह्मणेतर पक्षात उरला नाही. १९३० नंतर केशवराव जेधे आणि त्यांचे सहकारी काँग्रेसमध्ये गेले. स्वातंत्र्यानंतर यशवंतराव चव्हाणांच्या काळात ‘बहुजन समाज’ हे राज्यकर्त्या वर्गाचे सौम्य आणि सर्वसमावेशक भासणारे नाव ठरले. ह्या सर्व काळात आंबेडकरांनी आपल्या कार्यासाठी कोणते शब्द निवडले, हे पाहण्यासारखे आहे. १९२४ ची बहिष्कृत हितकारिणी सभा, १९२७ चे ‘बहिष्कृत भारत’, १९३६ चा स्वतंत्र मजूर पक्ष, १९४२ चे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन. ह्या नावांच्या मालिकेत ‘बहुजन’ हा शब्द कोठेच नाही. ज्याला गावाने वेशीबाहेर ठेवले, त्याने गावाच्या बहुसंख्येचे नाव कसे घ्यावे?

उत्तरेकडील भूमी ह्या काळात रिकामी होती, असे समजणे चुकीचे ठरेल. मराठी माणसाच्या मनात, आपण बी पेरले आणि ते तिकडे उगवले, अशी एक कल्पना असते. ती वस्तुस्थितीला धरून नाही. शाहू महाराजांना ‘राजर्षी’ ही पदवी एप्रिल १९१९ मध्ये कानपुरात भरलेल्या कुर्मी क्षत्रिय महासभेच्या अधिवेशनात मिळाली. म्हणजे आज महाराष्ट्रात ज्या बिरुदावाचून शाहूंचे नाव घेतले जात नाही, ते बिरुद उत्तर भारतातील एका शेतकरी जातीने दिलेले आहे. कानपूर हेच स्वामी अछूतानंद यांच्या आदि-हिंदू चळवळीचेही केंद्र होते. लखनौत बोधानंद महास्थविरांनी बौद्ध विचाराची ज्योत आंबेडकरांच्या धर्मांतराच्या कितीतरी आधी तेवत ठेवली होती. त्यांच्या सहवासात घडलेल्या चंद्रिकाप्रसाद जिज्ञासू यांनी लखनौतूनच ‘बहुजन कल्याण’ ह्या नावाने प्रकाशन चालवून स्वस्त हिंदी पुस्तिकांच्या द्वारे आंबेडकर, बुद्ध आणि रविदास खेड्यापाड्यांत पोहोचवले. पेरियारांच्या रामायणविषयक पुस्तकाचा हिंदी अनुवाद प्रसिद्ध करणारे ललईसिंह यादव हे ह्याच मालिकेतले. सरकारने तो जप्त केला, तेव्हा ते न्यायालयात गेले आणि १९७६ साली सर्वोच्च न्यायालयात त्यांचाच पक्ष टिकला. स्वतः आंबेडकर एप्रिल १९४८ मध्ये लखनौला फेडरेशनच्या परिषदेस आले असता, अनुसूचित जाती आणि मागासवर्ग ह्यांनी एकत्र यावे, असे आवाहन त्यांनी केले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांना दीक्षा देणारे चंद्रमणी महास्थविर कुशीनगराहून आले होते. दोन प्रदेशांतील हा व्यवहार असा दुहेरी होता.

तथापि पूर्वतयारी असणे वेगळे आणि तिला राजकीय आकार येणे वेगळे. तो आकार देणारा माणूस पंजाबातून आला आणि पुण्यात घडला. रोपड जिल्ह्यातील रामदासिया शीख कुटुंबात १५ मार्च १९३४ रोजी जन्मलेले कांशीराम पुण्यातील एक्स्प्लोसिव्ह रिसर्च अँड डेव्हलपमेंट लॅबोरेटरीत नोकरीस होते. १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यास तेथे आंबेडकर जयंती आणि बुद्ध जयंतीच्या सुट्ट्या रद्द करण्यात आल्या. त्याविरुद्ध प्रथम उभा राहिला तो दीनाभाना नावाचा राजस्थानातील चतुर्थ श्रेणी कर्मचारी. त्याला निलंबित करण्यात आले. कांशीराम त्याच्या पाठीशी राहिले आणि अखेरीस सुट्ट्या पुन्हा मिळाल्या. नागपूरकडचे सहकारी डी. के. खापर्डे ह्यांनी आंबेडकरांचा जातिसंस्थेच्या उच्छेदावरील निबंध त्यांच्या हाती दिला. ह्या प्रसंगातून एका नव्या वर्गाची ओळख पटते. हा वर्ग राखीव जागांमुळे सरकारी नोकरीत आलेल्या दलित-मागास कर्मचाऱ्यांचा होता. त्याच्या हाती नियमित वेतन होते, शिक्षण होते, देशभर बदलीवर फिरण्याचा अनुभव होता. मात्र सरकारी सेवानियमांमुळे त्याला उघड राजकारण वर्ज्य होते. ह्याच वर्गाच्या बळावर १९७८ च्या ६ डिसेंबरला बामसेफ औपचारिकपणे उभी राहिली. १९८१ मध्ये त्याच दिवशी दलित शोषित समाज संघर्ष समिती आणि १४ एप्रिल १९८४ रोजी बहुजन समाज पक्ष स्थापन झाला.

तारखांची ही निवड सहेतुक होती. पुणे कराराला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, २४ सप्टेंबर १९८२ रोजी, कांशीराम यांनी ‘चमचा युग’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. संयुक्त मतदारसंघांमुळे दलितांना स्वतःचे प्रतिनिधी न मिळता इतरांचे हस्तक मिळाले, असा त्याचा प्रतिपाद्य विषय होता. सत्यशोधक समाजाचा स्थापनादिवसही २४ सप्टेंबरच. एकाच तिथीवर मराठी इतिहासातील एक आरंभ आणि एक तडजोड अशा दोन्ही गोष्टी येतात, आणि कांशीराम ह्यांचे राजकारण ह्या दोहोंच्या मधल्या जागेत उभे होते. त्यांनी फुल्यांचा आशय घेतला. शब्द मात्र महाराष्ट्रातील ब्राह्मणेतरांचा उचलला आणि त्याचा मध्यबिंदू हलवला. महाराष्ट्रात ‘बहुजन’ म्हटले, की केंद्रस्थानी मराठा शेतकरी आणि परिघावर इतर, असे चित्र होते. कांशीराम यांच्या मांडणीत केंद्रस्थानी दलित आला आणि मागासवर्ग, आदिवासी, धार्मिक अल्पसंख्य हे त्याच्याभोवती गोळा होऊन एकंदर समाजाचे पंचाऐंशी टक्के होतात, असा हिशेब मांडला गेला. वेशीबाहेरच्या माणसाने गावाच्या बहुसंख्येचे नाव घेतले ते असे.

हा प्रयोग कांशीराम ह्यांनी प्रथम महाराष्ट्रातच का यशस्वी केला नाही, हा प्रश्न मराठी समाजशास्त्राने पुरेशा गांभीर्याने विचारलेला नाही. पुण्यात असताना त्यांनी रिपब्लिकन पक्षाचे कार्य जवळून पाहिले होते. १९५७ साली स्थापन झालेल्या त्या पक्षाच्या फुटी आणि काँग्रेसशी झालेल्या तडजोडी हे ह्या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर आहे आणि ते खोटे नाही. परंतु उत्तर प्रदेशातही रिपब्लिकन पक्ष होता. १९६२ साली अलीगढमधून बी. पी. मौर्य लोकसभेवर निवडून आले होते. तेथेही पुढे फुटी पडल्या आणि नेते काँग्रेसमध्ये गेले. म्हणून नेत्यांच्या गुणदोषांपलीकडे जाऊन समाजाची घडण पाहावी लागते. २०११ च्या जनगणनेनुसार अनुसूचित जातींचे प्रमाण उत्तर प्रदेशात २०.७ टक्के, तर महाराष्ट्रात ११.८ टक्के आहे. शिवाय उत्तर प्रदेशात महाराष्ट्रातील मराठा-कुणब्यांएवढा मोठा एकच कृषक समूह नाही. यादव हे तेथील सर्वांत मोठ्या मागास जातींपैकी एक, पण १९३१ च्या जनगणनेत त्यांचा वाटा दहाव्या हिश्शाहून कमी होता. ब्राह्मण मात्र नऊ टक्क्यांच्या आसपास होते. अशा विभागलेल्या समाजात एकसंध असा पंचमांश भाग निर्णायक ठरू शकतो. महाराष्ट्रात तेवढ्याच निष्ठेचा पण निम्म्या संख्येचा समूह दुसऱ्याच्या बहुमताला हातभार लावण्यापलीकडे जाऊ शकला नाही.

ज्या शक्तीला सत्तेची वाट सापडली नाही, ती महाराष्ट्रात साहित्यात उतरली. २९ मे १९७२ रोजी मुंबईत स्थापन झालेली दलित पँथर ही कवी-लेखकांची संघटना होती, ही गोष्ट आकस्मिक नाही. मराठीने भारतीय भाषांना दलित आत्मकथन दिले. उत्तर प्रदेशाने देशाला दलित मुख्यमंत्री दिली. ह्या वाक्यातील दोन्ही बाजू खऱ्या आहेत. मात्र त्यांची तुलना करून कोणा एकाला श्रेष्ठ ठरवण्याचा मोह आवरला पाहिजे. शब्द आणि सत्ता ह्यांची अशी वाटणी होणे, हेच चळवळीचे दुखणे होते.

३ जून १९९५ रोजी मायावती प्रथम मुख्यमंत्री झाल्या. त्यानंतर उत्तर प्रदेशात जे नामकरणाचे पर्व सुरू झाले, त्यात मराठी नावांचा वाटा मोठा होता. कानपूर विद्यापीठाला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले, बरेलीच्या रोहिलखंड विद्यापीठाला महात्मा फुल्यांचे. १९९७ साली मुरादाबादमधून वेगळा काढलेला अमरोहा जिल्हा ‘ज्योतिबा फुले नगर’ झाला आणि २०१० साली अमेठीच्या परिसरातून ‘छत्रपती शाहूजी महाराज नगर’ हा जिल्हा निर्माण करण्यात आला. लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाला शाहूंचे नाव देण्यात आले, मग काढण्यात आले, २००७ नंतर पुन्हा देण्यात आले आणि २०१२ मध्ये पुन्हा काढण्यात आले. त्याच वर्षी दोन्ही जिल्ह्यांची नावेही बदलली. ज्या संस्थेचे जुने विद्यार्थी स्वतःला अभिमानाने ‘जॉर्जियन’ म्हणवतात, तेथे परकीय सम्राटाचे नाव टिकले आणि मागासांना शिक्षण व नोकरी देणाऱ्या देशी राजाचे टिकले नाही. ह्या घटनेतला उपरोध कटू आहे.

पण ह्या घटनेशेजारी मराठवाड्याचा इतिहास ठेवून पाहावा. २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यातील दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे मारले गेले. १९७९ साली नागपुराहून तेव्हाच्या औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला, तोही जुन्या नावातील ‘मराठवाडा’ हे पद कायम ठेवून. सोळा वर्षे आणि अनेकांचे प्राण खर्ची पडून मिळालेले ते नाव त्यानंतर आलेल्या कोणत्याही सरकारने काढलेले नाही. लखनौत एका आदेशाने आलेली नावे दुसऱ्या आदेशाने गेली. ह्यावरून, जे नाव समाजाशी झगडून मिळते ते समाजात रुजते आणि जे शासनाकडून मिळते ते शासनाबरोबर जाते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो.

हा निष्कर्ष अर्धाच खरा आहे. उत्तर प्रदेशातील नामकरणामागे झगडा नव्हता, असे म्हणणे हा त्या प्रदेशातील सामान्य कार्यकर्त्यावर अन्याय होईल. १९८३ मध्ये सायकलींवरून गावोगाव फिरणारे कार्यकर्ते, पगारातला हिस्सा नियमाने संघटनेला देणारे कारकून आणि शिक्षक, गावातील सार्वजनिक जागेवर निळ्या कोटातला, हाती संविधान घेतलेला आंबेडकरांचा पुतळा उभारण्यासाठी मारहाण सोसणारी माणसे ह्या साऱ्यांनी आपले मोल दिले होते. ते मोल राजधानीतील स्मारकांच्या संगमरवरात दिसत नाही, एवढेच. जानेवारी २०१२ मध्ये निवडणूक आयोगाच्या आदेशाने लखनौतील हत्तींची शिल्पे झाकण्यात आली. खेड्यांतील ओबडधोबड पुतळे तसेच उघडे उभे होते. चळवळीचे खरे स्मारक कोणते, ह्याचा निवाडा ह्या दोन दृश्यांच्या तुलनेत होतो. कानपूर आणि बरेलीच्या विद्यापीठांवरची नावे राहिली, हेही विसरता येत नाही. म्हणजे शासनाने दिलेले प्रत्येक नाव जातेच असे नाही. ज्या नावाविरुद्ध संघटित अभिमान उभा राहतो आणि ज्याच्या बाजूने तसा अभिमान उभा राहत नाही, ते जाते.

येथे पुन्हा शब्दाकडे वळावे लागते. २००७ साली बहुजन समाज पक्षाने ४०३ पैकी २०६ जागा जिंकल्या, तेव्हा त्याच्या घोषणांत ‘बहुजन’च्या जागी ‘सर्वजन’ आला होता. बहुमतासाठी ते आवश्यक होते, हा युक्तिवाद समजण्याजोगा आहे. परंतु यशवंतरावांच्या काळात महाराष्ट्रात ‘बहुजन’चे जे झाले, तेच येथे निराळ्या रीतीने घडले. शब्द जसजसा रुंदावत गेला, तसतसा त्यातील सांधा दिसेनासा झाला. अतिमागास जातींना आणि बिगर-जाटव दलितांना ह्या रुंद शब्दात आपले स्थान शोधता येईना आणि ते अन्य पक्षांकडे वळले. २०२२ च्या विधानसभा निवडणुकीत पक्षाला एकच जागा मिळाली. २०२४ च्या लोकसभेत एकही नाही. मॅक्स वेबरने ज्याला विभूतिमत्त्वाचे नित्यकर्मात रूपांतर होणे म्हटले, त्याचे हे उदाहरण म्हणून दाखवता येईल. पण ती संज्ञा सर्व चळवळींना लागू पडते, आणि म्हणून ह्या चळवळीच्या विशिष्ट दुखण्याविषयी ती पुरेसे सांगत नाही. ते दुखणे असे, की फुल्यांच्या समासातील तीन पदे एका सोप्या शब्दात विरघळवताना, त्या पदांमधील अंतराचा हिशेब ठेवण्याचे काम कोणी पत्करले नाही. आणि ‘स्त्री’ हे पद तर दोन्ही प्रांतांत पहिल्यांदा गळाले.

कांशीराम यांच्या नावाचे ते उद्यान आता लखनौतील धरण्यांची नेमून दिलेली जागा आहे. विधानभवनासमोर बसू न दिलेली माणसे तेथे आणून बसवली जातात. २२ नोव्हेंबर २०२१ रोजी, कृषी कायदे मागे घेण्याची घोषणा झाल्यानंतर तीनच दिवसांनी, शेतकऱ्यांची महापंचायत तेथे भरली. एकोणसत्तर हजार सहायक शिक्षकांच्या भरतीत राखीव जागांचे नियम पाळले गेले नाहीत, अशी तक्रार असलेले मागासवर्गीय आणि दलित उमेदवार त्याच उद्यानात महिनोन्‌महिने बसले. ऑगस्ट २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने निवडीची यादी नव्याने करण्याचा आदेश दिला; पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. १९०२ साली करवीरच्या दरबारात ज्या तत्त्वाचा जाहीरनामा निघाला, त्याच तत्त्वाच्या अंमलबजावणीसाठी शंभराहून अधिक वर्षांनी, पुण्यात घडलेल्या एका नेत्याच्या नावाच्या बागेत ही मुले-मुली बसली होती.

आंदोलनाला शहराच्या कडेला ढकलण्याची ही व्यवस्था शासनाच्या सोयीची आहे, ह्यात शंका नाही. तथापि तिच्यातून एक अनपेक्षित गोष्टही घडली आहे. जी जागा स्मरणासाठी बांधली, ती मागण्यासाठी वापरली जाऊ लागली. ह्या मुला-मुलींच्या तक्रारीत ‘बहुजन’ हा शब्द आलाच, तर तो मोघम राहत नाही. कोणत्या प्रवर्गाच्या किती जागा, कोणत्या यादीत कोणाचे नाव, असा त्याचा नेमका हिशेब असतो. फुल्यांच्या समासातला सांधा ह्या हिशेबात पुन्हा उघडा पडतो. महाराष्ट्रात ‘फुले-शाहू-आंबेडकर’ ही नाममालिका व्यासपीठावरील प्रत्येक भाषणाच्या प्रारंभी म्हटली जाते आणि म्हणून झाली की पुष्कळदा विषय संपतो. लखनौत ती नावे शिल्पांवर आहेत. आणि त्यांच्या सावलीत बसणाऱ्यांचा प्रश्न अद्याप शिल्लक आहे.